हमीदाची पाटी

इसाक कल्हईवाल्याचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. गोष्ट पस्तीस-छत्तीस सालची. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागल्या गल्लीत त्याचं बिऱ्हाड. दूधवाल्याचं माप तो स्वतःच्या हातात धरायचा. सख्ख्या भावानं जेवायला बोलावलं, तर याचं प्रेम आजच कसं उतू चाललंय, असं म्हणत घास गिळायचा. आता असल्या माणसापुढं कुणी काय बोलावं?

बायको लवकर गेली. मागं एकटी हमीदा राहिली. ती विशीची झाली, पण बुद्धीनं जरा मंद. एक काम सांगितलं तर जीव ओतून करायची, दोन सांगितली की गोंधळून रडायला लागायची. आपण मेल्यावर ही कुणाच्या दारात उभी राहणार, या एका काळजीनं इसाक आतून पोखरला होता.

म्हणून समोरच्या कुसाबाईनं तिला आपल्या ओट्यावर विड्या वळायला बसवलं, तेव्हा त्यानं खरं तर अल्लाचा शुक्र मानायला हवा होता. त्याला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. गल्लीतल्या बायका कारखान्यातून पानं-तंबाखू आणायच्या, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायच्या आणि संध्याकाळी विड्यांनी भरलेली आपापली पाटी कारखान्यात मुनिमाला दाखवायच्या. वाईट विडी छाट म्हणून बाजूला जायची, तिचे पैसे बुडायचे. छाट फार निघाली तर बाईचं कामच बंद. हमीदाचं काम चालू होतं, पण दिवसभर खपूनही पैसे सगळ्यांत कमी तिचेच. का?

एका संध्याकाळी त्याला दिसलं. कुसाबाईनं हमीदाच्या पाटीतून मूठभर विड्या उचलून आपल्या पाटीत टाकल्या आणि आपल्यातल्या मूठभर तिच्या पाटीत सारल्या. पाठोपाठ शेजारी विड्या वळणाऱ्या साळूबाईनंही तेच केलं. इसाकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचा चांगला माल घेतात आणि स्वतःची छाट तिच्या गळ्यात मारतात! त्यानं हमीदाला विचारलं, तर ती हसून म्हणाली, "काकू रोज वाटून घेतात, अब्बा."

दुसऱ्या दिवशी बायकांनी पाट्यांना हात लावायच्या आधीच त्यानं हमीदाच्या पुढ्यातून पाटी उचलली आणि पोरीला घेऊन कारखाना गाठला. बायका मागून धावत आल्या. "इसाकभाई, थांबा जरा," कुसाबाई म्हणत होती. तो कशाला थांबतोय!

"मुनीमजी, आज हिचा माल वेगळा बघा," त्यानं मोठ्यानं सांगितलं. "या बाया हातचलाखी करतात."

मुनिमानं पाटी ओतली. पहिली विडी दाबली, तंबाखू सांडला. दुसरीचं तोंड उघडंच. तिसरी मधेच जाड. छाटीचा ढीग वाढत गेला आणि दुसरीकडं चांगल्या चार विड्या जमेनात. मुनीम चष्म्यावरून बायकांकडं बघत म्हणाला, "मग इतके दिवस हिचा माल चालत कसा होता?"

बायकांनी माना खाली घातल्या. तेव्हा कुठं इसाकच्या डोक्यात उजेड पडला. पोरीची जमेल तेवढी छाट या रोज आपल्या पाटीत घेत होत्या, बदल्यात चांगल्या विड्या देऊन स्वतःचे पैसे बुडवत होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुनीमजी, आजच्या विड्या मी वळल्यात," तो घाईघाईनं म्हणाला. "गंमत म्हणून."

"नाही," हमीदा म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि आपल्या कामाचा तिला अभिमान होता. "सगळ्या माझ्याच आहेत."

मुनिमानं तिचं काम बंद केलं.

परतताना हमीदा रडत होती, आणि इसाकला स्वतःचीच एवढी चीड आली होती की मान वर होईना. गल्लीच्या तोंडाशी कुसाबाई थांबली.

"उद्या ये गं हमीदा," ती म्हणाली. "पाटी नगं आणू. माझ्या पाटीत वळ." मग इसाककडं वळली. "माल माझ्या नावावर जाईल. पैसं मी देईन तिला. किती, ते मी ठरवणार. चालंल का?"

म्हणजे आता पाटी नाही, माप नाही, मुनीम नाही. पोरीचं सगळं या बाईच्या हातात. तिनं वळलेल्या विड्या कुठल्या, किती, कसं कळणार? विचारायला इसाकनं तोंड उघडलं. कुसाबाई वाट बघत उभी होती.

त्यानं तोंड मिटलं आणि होकारार्थी मान हलवली.