साकिन कार्क

आमच्या रेशनकार्डावर आडनाव आहे बुचवाले. खरं कार्कवाले. माझे सासरे हबीब शाळेत गेले, तेव्हा मास्तरांनी ठरवलं की कॉर्क म्हणजे बाटलीचं बूच, आणि त्याचं मराठी करून टाकलं.

अब्बांना ते जन्मभर टोचलं. त्यांच्या आजोबांचा उर्दू निकाहनामा आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्यात लिहिलंय : दानियाल वल्द तिमती, पेशा नालबंद, साकिन कार्क.

"साकिन म्हणजे राहणार," अब्बा ज्याला त्याला सांगत. "तलवाड्याचे ते तलवाडकर, तसे कार्कचे कार्कवाले. गाव हाय ते, बूच न्हाई!"

हे गाव त्यांनी बीड जिल्ह्यातच शोधलं. ते विहिरींवरचे पंप दुरुस्त करत. पंप सुरू झाला, हात धुतले, की शेतकऱ्याला विचारायचे, "इकडं कुठं कार्क नावाचं गाव हाय का?" केज पाहिलं, गेवराई पाहिली, नारायणगडाच्या यात्रेतही विचारून आले. लोक हसत. "चाचा, पंप तर चालू झाला, आता बाटली बी उघडा की!"

यंदा माझ्या मेहेकचा निकाह तलवाड्याला ठरला. अब्बा म्हणाले, "पत्रिकेवर कार्कवालेच छापायचं." मला मात्र प्रश्न पडला, व्याह्यांनी गाव विचारलं तर काय दाखवायचं?

मेहेक इतिहासात एम.ए. करते. नालबंद म्हणजे घोडदळातला असेल, असं धरून तिनं निकाहनामा समोर ठेवून इंटरनेटवर इंग्रजी पलटणींच्या जुन्या नोंदी चाळल्या. आठवडाभर काहीच मिळेना. मग तिमती म्हणजे टिमथी असेल असं तिच्या लक्षात आलं, आणि नोंद सापडली. डॅनियल, बाप टिमथी, घोड्यांना नाल ठोकणारा, छावणी मोमिनाबाद, म्हणजे आमचं अंबाजोगाई. जन्मगाव कॉर्क, आयर्लंड.

"दादाजान, तुमचं गाव समुद्रापलीकडं आहे."

अब्बांनी निकाहनामा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "तरीच केज तालुक्यात सापडंना."

मी हळूच म्हटलं, "अब्बा, निकाह होईपर्यंत बुचवालेच राहू द्या. गोरा पूर्वज म्हटल्यावर ते लोक काय म्हणतील?"

"नाजिया, गाव नव्हतं तेव्हा मी लपवलं न्हाई. आता कावून लपवू?"

दुसऱ्याच दिवशी निकाहनामा घेऊन ते तलवाड्याला गेले. मी सोबत होते. व्याही मुजाहिदभाईंनी कागद शांतपणे वाचला.

"निकाह रीतसर झालता ना?"

"काजीचा शिक्का हाय."

"मंग अडचण काय? आपली पोरं गोऱ्यांच्या देशात जायला धडपडतात, अन् तुमचा गोरा अंबाजोगाईत येऊन राहिला. लई हुशार माणूस!"

परतताना अब्बा बसमध्ये ताठ बसले होते.

पत्रिका छापायला बंकटकडे गेलो. अब्बांनी मजकूर सांगितला : हबीब कार्कवाले, मूळ गाव कार्क.

बंकटनं विचारलं, "तालुका?"

मी आयर्लंड सांगणार होते. अब्बांनी हातानंच मला थांबवलं. "आजोबा इथंच राहिले, इथंच दफन झाले. लिही, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड."

घरात सगळे झोपलेत. पत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढं आहे. प्रत्येकीवर कार्क बीड जिल्ह्यात आहे, आणि मी एकही दुरुस्त करणार नाही.