नवऱ्याच्या जॅकेटवरचे डाग

माझा नवरा गेला तेव्हा पेणच्या गणपती कारखान्यांत हंगामाची तयारी सुरू झाली होती. तो रोह्याला कंपनीत, सकाळच्या शिफ्टला, छातीत कळ येऊन गेला. चौदाव्या दिवशी मी त्याचे सगळे कपडे काढले, धुतले, इस्त्री केली आणि वीटभट्टीवरच्या दोन कुटुंबांना देऊन टाकले. चपला, बेल्ट, छत्रीसुद्धा. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत असं आमच्याकडे मानतात. मी काही ते मानते म्हणून दिले नाहीत. कपाटात नुसते पडून राहण्यापेक्षा कुणी वापरलेले बरे. पंधराव्या दिवशी मी कामावर गेले. शेजारपाजारच्या बायकांना ते आवडलं नाही. मला त्या दिवसांत काही आवडत नव्हतं आणि काही खटकतही नव्हतं. हात चालत होते, तेवढ्यावर भागत होतं.

मी कारखान्यात रंगकाम करते. अंगाचा रंग, पितांबर, शेडिंग, आणि आता बरीच वर्षं शेवटची तपासणी. मूर्ती गाडीत चढण्याआधी माझ्या नजरेखालून जाते. कुठे टवका उडालाय, कुठे ओल धरलीय, कुठे दोन हात वेगळ्या छटेचे झालेत, ते बघायचं आणि तिथल्या तिथे बुजवायचं. डाग दिसणारा माल दाराबाहेर जात नाही, हा मालकाचा नियम. तो माझ्या अंगात इतका मुरला होता की घरातलं दुधाचं पातेलंही मी उजेडात धरून बघायची.

महिनाभराने नवऱ्याच्या कंपनीतले एक गृहस्थ घरी आले. त्यांच्या हातात पिशवी होती. तिथल्या कपाटात राहिलेलं नवऱ्याचं सामान त्यांनी आणून दिलं: जेवणाचा डबा, कंगवा आणि लेदरचं जॅकेट. डबा मी घासून ठेवला. कंगवा टाकून दिला. जॅकेट दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि विसरून गेले.

ते जॅकेट मुळात जुनंच होतं. थंडीत पहाटे पेणहून रोह्याला मोटरसायकलवर जायचं म्हणजे नागोठण्यापर्यंत अंग गारठून जातं, म्हणून त्याने ते मुंबईहून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून उचललं होतं. घरी आणून माझ्यासमोर धरलं.

"बघ गो, तुझी नजर हाय. फसवलं तर नाय ना मला?"

मी ते घरापुढच्या ओट्यावर नेऊन उन्हात पसरलं. "फसलात. पाठीवर घडीच्या जागी रंगाचा पट्टा उडालाय. डावं कोपर घासून पांढरं पडलंय. खिशाजवळ शाई सांडलीय. आणि हे तपकिरी नाही, मुळात काळं होतं. वरून कुणीतरी रंग दिलाय."

"साहेबाचं असंल कुणातरी."

"साहेबाचं कोपर एवढं कशाला घासेल? टेबलावर हात टेकून पेंगत असणार."

"मंग साहेबच," तो म्हणाला, आणि जॅकेट घालून आरशासमोर जाऊन उभा राहिला. पुढचे पाच हिवाळे ते त्याच्या अंगावर होतं.

कंपनीतून जॅकेट घरी आल्यावर काही दिवसांनी दिराचा फोन आला. तो आणि सासूबाई रोह्याला राहतात.

"वहिनी, आई विचारते, दादाचं काय राहिलंय का? तिच्याकडं त्याचं कायच नाय."

"सगळं दिलं, भावोजी."

"रुमाल असला तरी चालंल, बोलते."

तेव्हा मला खिळ्यावरचं जॅकेट आठवलं. "एक जॅकेट आहे," मी म्हटलं.

"मग तेच घेऊन या. मी सांगतो तिला. रोज विचारते."

फोन ठेवून मी जॅकेट खाली काढलं. मला वाटलं, दीर ते घालील आणि सासूबाईंना बघून बरं वाटेल. पण ते देण्यासारखं नव्हतं. मी ते पुन्हा ओट्यावर उन्हात पसरलं आणि कारखान्यात मूर्ती तपासते तसं वरून खाली तपासलं. आधीच्या मालकाच्या खुणा होत्याच. त्यांच्यावर नवऱ्याच्या चढल्या होत्या. कॉलर मानेच्या तेलाने काळी आणि कडक झाली होती. उजव्या बाहीची कड गाडीच्या मुठीवर घासून पिवळट दिसत होती. खांद्यांचा रंग उन्हाने विटून विटकरी झाला होता. छातीवर डाव्या बाजूला कसले तरी थेंब उडून बारीक फिकट ठिपके पडले होते. ते पडले तेव्हा मी विचारलं होतं, आणि तो "काय नाय, पाणी उडालं" म्हणाला होता. नुसत्या पाण्याने चामडं विटत नाही हे मला कळत होतं. शिवणींत पावसाळ्याची पांढरी बुरशी होती. आतलं अस्तर काखेत फाटलं होतं.

मी वास घेतला नाही. तसं काही मनातही आलं नाही. यादी झाली आणि मी जॅकेट कारखान्यात घेऊन गेले.

आधी बुरशी पुसली. मग पॉलिश पेपरने कॉलर, बाही, खांदे आणि ठिपके घासून सपाट केले, कारण खालचा थर तेलकट किंवा उंचसखल असला तर वरचा रंग नीट बसत नाही. तपकिरीत थोडा काळा, थोडा गेरू आणि चिमूटभर पिवळा घातला. रंग सुटू नये म्हणून गोंद मिसळला. रंगाचे दोन हात दिले, सुकू दिलं, वर वॉर्निश मारलं. आमच्याकडे डोळ्यांची आखणी करणाऱ्या वयस्कर काकी आहेत. त्या हातातला ब्रश थांबवून बघत होत्या.

"अगो, ते चामडं हाय. गणपती नाय."

"रंग तो रंगच, काकी."

"मंग दहा दिवसांनी पाण्यात सोडायचंय का?"

बाकीच्या बायका हसल्या. मी पण हसले असेन. जॅकेट झकास दिसत होतं. पाठीवरचा पट्टासुद्धा गेला होता. अस्तर शिवलं, घडी घातली आणि रविवारी एसटीने रोह्याला गेले.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना तेव्हाही नीट दिसत नव्हतं. मी जॅकेट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी चाचपलं. कॉलरवर अंगठा फिरवला, मग ती नाकाला लावली आणि लगेच दूर केली.

"ह्ये त्याचं नाय."

"त्याचंच आहे, आई."

"नवं हाय गो. त्याचं नवं कसं असंल?"

"मी रंगवलंय. डाग होते खूप."

"मंग?"

डाग होते म्हणून काढले. डाग असताना न काढण्याचं कारण काय असू शकतं, हे मी तोवर कधी मनात आणलंच नव्हतं.

बाजूला उभ्या दिराला हे अवघड झालं असावं. तो "बघू, मला होतंय का" म्हणत पुढे आला आणि जॅकेट चढवून हात वाकवला. कोपरापाशी बारीक कडकड आवाज झाला. सुकलेल्या मिठागरातला चिखल तडकतो तसा रंग तडकला आणि त्याच्या खपल्या फरशीवर पडल्या. मूर्तीचे हात एकदा वाळले की हलत नाहीत. आमचा रंग त्या हिशोबाने केलेला असतो.

"वहिनी, गणपती फुटला तुमचा," तो म्हणाला.

"काढ ते," सासूबाई म्हणाल्या. "तुला नाय आणलेलं."

तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या माणसासाठी काम केलं होतं. दिराला जॅकेट नकोच होतं. हवं होतं ते सासूबाईंना, आणि त्यांना ते घालायचं नव्हतं.

मी चूल पेटवून पाणी कोमट केलं आणि फडका घेऊन बसले. आमचा रंग पाण्याचा, तो सुटेल असा माझा अंदाज होता. तो सुटलाही, वॉर्निश तडकलं होतं तिथून. सासूबाई शेजारी बसून पदराचं टोक भिजवून कॉलर पुसत राहिल्या. पाणी तपकिरी झालं, मी ते ओतलं, दुसरं आणलं. पण खाली काही निघालं नाही. डाग मी आधीच पॉलिश पेपरने घासून टाकले होते. कॉलरवरच्या रंगाखाली फिकट, खरखरीत चामडं निघालं, आतापर्यंत कुणीच न वापरल्यासारखं. अर्ध्या तासाने मी फडका खाली ठेवला.

"नाही निघायचं, आई. मी घासलंय ते."

त्यांनी पदर पिळला. मग जॅकेट माझ्याकडे सरकवलं.

"कुठं कुठं होते?"

"काय?"

"डाग गो. तू बघितलेस ना सगळे? दाखव."

मी त्यांचं बोट धरलं आणि कॉलरवर ठेवलं. "इथे तेल लागून काळं झालं होतं." बाहीवर नेलं. "इथे गाडीची मूठ घासायची." खांद्यांवरून फिरवलं. "हे उन्हाने." छातीवर डाव्या बाजूला थांबले. "इथे कंपनीत काहीतरी उडालं होतं. बारीक ठिपके. मुगाच्या डाळीएवढे."

"आणि कोपर?"

"कोपर त्याचं नाही. आधी ज्याचं होतं त्याचं."

"बरं," म्हणत त्यांनी कोपरावरून हात उचलला.

चारच्या एसटीने मी परत आले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोठी ऑर्डर होती.

त्यानंतर मी रोह्याला गेले की सासूबाई खाटेखालची पेटी ओढतात. जॅकेट जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं असतं. अर्धं रंगवलेलं, अर्धं पुसलेलं, पाठीला भेगा. आमच्याकडून असला माल कधी बाहेर पडला नसता. त्या बोट पुढे करतात आणि मी ते जागोजागी फिरवते. चहा होतो. मग त्या जॅकेट गुंडाळून ठेवतात. हे आता चार वर्षं चाललंय, आणि मी कधी नाही म्हटलेलं नाही. फारसं काही वाटतं असंही नाही. काम आहे, ते मी करते.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा मी त्यांचं बोट जॅकेटच्या छातीवर ठेवलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"वर हायत ठिपके. हितं नायत."

"इथेच होते, आई."

"तूच दाखवलंस गो मला. वर. खिशाच्या वर."

मी नीट आठवून बघितलं. ओट्यावरचं ऊन, पसरलेलं जॅकेट, डावी बाजू. खिसा आठवला, ठिपके नेमके कुठे ते आठवेना. मी त्यांचं बोट दोन पेर वर नेलं.

"हितं," त्या म्हणाल्या.