मिस्त्रींच्या अंगणातलं तेल

मिस्त्रींनी तीस वर्षं स्कूटरी दुरुस्त केल्या, त्या घरासमोरच्या काँक्रीटच्या अंगणातच. फाटकापासून दारापर्यंत सगळं काळंकुट्ट. कोणी बोललं की म्हणत, "कामाची जागा आहे ही, आरसा नाही." हाताला जादू होती त्यांच्या, इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचे. पण स्वतःच्या दारातला डाग काही दिसत नसे. दिसणार कसा? डोकं कायम गाडीखाली!

बायको मात्र त्या डागांवरून रोज ये-जा करायची आणि रोज बोलायची. मिस्त्री "बघतो, बघतो" म्हणायचे. एका सकाळी ती भाजीची पिशवी घेऊन आत आली, आदल्या दिवशी सांडलेल्या ऑइलवर पाय पडला आणि सपशेल आपटली. घोटा मोडला. प्लास्टर घातल्यावर लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना ती एवढंच म्हणाली, "ते तेल गेल्याशिवाय मी या घरात पाय ठेवणार नाही."

बाई शब्दाची पक्की. मिस्त्री म्हणाले काय, तर "चार दिवसांचं काम आहे!"

चार दिवस म्हणे!

मिस्त्रींच्या हाताचं ऑइल जन्मभर रॉकेलने निघालेलं, मग जमिनीचं का नाही निघणार? हा हिशोब फक्त मेकॅनिकच करू जाणे. त्यांनी डबाभर रॉकेल ओतलं आणि खसाखसा घासलं. काळं ऑइल पातळ झालं, पसरलं आणि काँक्रीटने ते गटागटा पिऊन टाकलं. ताटाएवढा डाग परातीएवढा झाला. संध्याकाळी बायकोला फोन लावला.

"निघतंय का?" तिने विचारलं.

"निघतंय. म्हणजे सध्या जरा पसरलंय."

समोर लॉन्ड्री चालवणाऱ्या वहिनी दुकानातून हा सगळा तमाशा बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. इस्त्री बाजूला ठेवून त्या सरळ फाटकात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, शर्टावर तेल पडलं तर मी ते आत ढकलते की बाहेर ओढते?"

"बाहेर ओढता."

"मग या काँक्रीटने काय घोडं मारलंय? त्यालाही बारीक बारीक छिद्रं असतात. तुम्ही रॉकेल घालून घासताय, म्हणजे तेलाला आत जायची वाट करून देताय. आणि ते पेटलं तर? ठेवा तो डबा!"

तीस वर्षांचा कारागीर, त्याला लॉन्ड्रीवाली शिकवणार? मिस्त्रींचं नाक थोडं वर गेलं. पण बायकोची रिकामी खुर्ची दारातून दिसत होती. नाक मुकाट्याने खाली आलं.

मग धुण्याचा सोडा आला, उकळतं पाणी आलं, ताठ केसांचा ब्रश आला. वरवरचा मळ गेला, पण आतलं तेल जाईना. वहिनींनी खडूची पूड साबणाच्या पाण्यात कालवून घट्ट लेप करायला सांगितला. तो डागावर बोटभर जाड थापायचा, वर प्लास्टिक झाकायचं, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून वाळू द्यायचा आणि मग खरवडायचा. पहिला लेप निघाला तो खालून पिवळसर तपकिरी होऊन. तेल वर आलं होतं! मिस्त्री लहान मुलासारखे खूश झाले. एकेका डागाला चार-चार, पाच-पाच लेप लागले. गुडघ्यांची पार वाट लागली.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"डावीकडचा फिका झालाय."

"बरं."

"फाटकाजवळचा जरा हट्टी आहे."

"बरं." आणि मग, "जेवलात का?"

"हो. उद्या तिसरा लेप."

आणि फोन ठेवायचे. अहो मिस्त्री, बायकोशी बोलताय की गाडीच्या मालकाशी?

सहाव्या आठवड्यात अंगण राखाडी झालं. पूर्ण वाळल्यावर मिस्त्रींनी त्यावर छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचे दोन हात मारले. पाणी टाकलं तर थेंब वरच्या वर उभे राहिले. गाडीखाली ठेवायला पत्र्याचा ट्रे केला, भिंतीशी भुशाचं पिंप ठेवलं. आता ऑइल सांडलं की पाणी नाही, घासणं नाही. आधी भुसा टाकायचा, तो तेल पिईपर्यंत थांबायचं आणि मग झाडायचं.

सातव्या आठवड्यात लेक आईला घेऊन आली. बायको काठी टेकून फाटकात उभी राहिली. तिने अंगण इकडून तिकडे न्याहाळलं.

"छान केलंत," ती म्हणाली. पाय उचलायला गेली आणि तिथेच थबकली. "अहो, पाय उचलत नाही."

"अगं, दोन हात सीलर आहे. घसरायला नको म्हणून त्यात वाळूसुद्धा—"

"मला कळतंय हो. पायाला कोण सांगणार?"

यावर मिस्त्रींकडे कुठलाच लेप नव्हता. आतून दोन खुर्च्या आणून त्यांनी फाटकाबाहेर मांडल्या. लेक चहा करायला आत गेली आणि दोघं रस्त्याच्या कडेला बसून राहिली. तेवढ्यात एकजण बंद पडलेली स्कूटर ढकलत आला. मिस्त्री म्हणाले, "आज बंद." तो माणूस आ वासून बघतच राहिला.

तो गेल्यावर मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "तू नव्हतीस तर घर खायला उठायचं. संध्याकाळी चूल पेटवावीशी वाटायची नाही. जेवलो म्हणून सांगायचो ते खोटं होतं."

बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"सात आठवडे रोज फोन केलात. डाग, डाग आणि डाग! हे एवढं पहिल्याच दिवशी बोलला असतात, तर तेलावरून चालत आले असते मी."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. बायको काठी टेकून उठली, दुसऱ्या हाताने तिने त्यांचा दंड पकडला.

"हळू चला," ती म्हणाली, "आणि बोलत राहा."