सप्तमीला उघडलेली कुपी

बागलीजवळच्या त्या उपकेंद्रात मालन बावीस वर्षं नर्स होती. कुठल्या घरात किती महिन्यांचं बाळ आहे, हे तिला वही न उघडता सांगता यायचं. पण त्या मंगळवारी तिला काही सुचेना.

गोवराची लस महिनाभर वरून आलीच नव्हती. आज एकच कुपी आली होती, पाच बाळांपुरती. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. आणि नेमकी आज शीतळासप्तमी. माळव्यात या दिवशी चूलसुद्धा पेटत नाही. गोवर म्हणजे माता. तिच्याच दिवशी लेकराला सुई कोण लावू देणार?

तरी दहा वाजता माधवी आली, नऊ महिन्यांच्या ईशानीला कडेवर घेऊन. पलीकडच्या वस्तीत तीन मुलांना गोवर निघाला होता.

"वहिनी, उद्या या ना," मालन म्हणाली. "उद्या राहिलेली पाचही बाळं येतील. आज उघडली तर चौघांची वाया."

"म्हणजे माझ्या मुलीनं गर्दी जमायची वाट बघायची?"

एकेका बाळापुरती कुपी का बनवत नाहीत, असंही माधवीनं विचारलं. प्रशिक्षणात सांगितलं होतं तेच मालननं सांगितलं: लहान कुपी महाग पडते, शीतपेटीत जागाही जास्त अडवते. माधवीला ते पटलं नाही; सांगता सांगता मालनलाही पटेनासं झालं. एका बाळासाठीही कुपी उघडा, असा वरच्यांचा नियम होता. लस वाया का गेली, असंही तेच लोक दर महिन्याला विचारायचे.

शेवटी तिनं कुपी उघडली. ईशानी रडली, थांबली. माधवी निघाली तशी मालननंही पेटी खांद्याला अडकवली आणि मातेचा ओटा गाठला. गावच्या साऱ्या आया तिथंच होत्या.

माधवीची सासू भवानीबाई नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. नातीला टोचल्याचं ऐकून तिनं ताट खाली ठेवलं.

"टोचायचंच होतं तर मला आधी सांगायचंत. मातेच्या कानावर घातलं असतं."

मग स्वतःच ओट्याकडे वळून ती काहीतरी पुटपुटली आणि बायकांना म्हणाली, "आधी दर्शन घ्या, मग द्या लेकरू. मी बोलले आहे तिच्याशी."

दोघी पुढं आल्या. उरलेल्या दोघींनी पदराआड लेकरं लपवली. एकजण हसून म्हणाली, "बेनजी, काल आवांगा." उद्या नक्की येऊ, म्हणजे. दोन वाजता मालननं उरलेल्या दोन मात्रा टाकून दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच आल्या. दोघीजणी, लेकरांना न्हाऊमाखू घालून. मालननं वर फोन केला. लस कधी येईल ते तिकडेही कुणाला माहीत नव्हतं. पायरीवर बसलेल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ईशानीला थांबवलं असतं तर आज पाचही बाळं झाली असती. पण तिला थांबवायचं कुठल्या तोंडानं?

"शुक्रवारी या," ती म्हणाली. काहीतरी सांगायलाच हवं होतं.