मधल्या झोळ्याचा वाटा

देवकाबाईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. त्यांना पाहिलेलं माणूस आता फारसं उरलं नाही, म्हणून मी लिहितो. जमेल तेवढं.

सावलीहून वैनगंगेकडे जाताना आमचं ढिवरांचं गाव लागतं. तलावात सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, ही रीत. प्रत्येक घर जाळ्याची आपली पट्टी आणी. पट्ट्या बांधून एक लांब जाळं होई. मासळी गोळा होणारा मधला झोळा तेवढा सामाईक. वाटणीत ओढणाऱ्या माणसाला एक वाटा, पट्टीला एक वाटा. मालक आला नसला तरी पट्टीचा वाटा त्याच्या घरी जाई. आणि सगळ्यांच्या आधी एक ढीग बाजूला निघे, तो दुखणेकऱ्यांचा. घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल तर त्यांनी तो न्यावा, खावा, विकून औषधपाणी करावं. दुखण्याला आमचा आधार तेवढाच.

पण ढीग पंचांच्या हाती होता. सुकरी नावाची विधवा पंचांना उलटून बोलली, तेव्हा तापातही तिला मासळी मिळाली नाही. हे वर कळलं. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी सोसायटी नोंदवायला एक साहेब आले. त्यांनी नियम घालून दिला की आजारासाठी कोणाकडून सक्तीने काही घ्यायचं नाही, जो देईल त्याचा ढिगावर हक्क, आणि जो देतो म्हणेल त्याला कधीही, आजारी पडल्यावरसुद्धा, नाकारायचं नाही. भला माणूस होता. सुकरीसारख्या बाईवर पुन्हा अन्याय होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

झालं भलतंच. वारलू हा गावातला सगळ्यात दांडगा गडी. तो वाटणीच्या वेळी म्हणाला, ताप येईल तेव्हा मी देईन. त्याचं पाहून दुसराही तेच म्हणाला. नियमात बसत होतं, बोलणार कोण? धडधाकट घरं एकेक करून गळाली. देणारी उरली ती आजारी घरं, आणि त्यांच्याजवळ द्यायला काय असणार? ढिगाची टोपली झाली, टोपलीची ओंजळ झाली. पूर्वी सुकरीला मिळत नव्हतं, आता कोणालाच मिळेना.

त्याच हिवाळ्यात देवकाबाईंचा नवरा शालिकराम छपरावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. ते बसवलं, पण कित्येक महिने झोपून काढायचे होते. घरात विकण्याजोगा एक डोंगाच, म्हणजे मासेमारीची लहान होडी. चामोर्शीकडचा एक माणूस तो पाहून गेला आणि होळी झाली की नेतो म्हणाला. डोंगा गेला की ढिवराचा मजूर होतो.

शालिकराम खाटेवर होता तरी त्याच्या पट्टीचा वाटा बिनबोभाट घरी येत होता. त्यावर घर चालत नव्हतं. पण देवकाबाईंच्या मनात काहीतरी बसलं असावं. त्यांनी सुकरीला बोलावलं, आणखी बायका जमवल्या आणि जाळ्यासाठी सणाच्या वाखाचा दोरा कातायला सुरुवात केली. कातणं बायकांचं, विणणं पुरुषांचं, असं आमच्यात होतं. या बायका विणायलाही बसल्या.

वारलू येता-जाता चिडवायचा. “वहिनी, ह्यात मासोळी अडकन का तुमची बांगडी?”

“तूच अडकशीन,” देवकाबाई म्हणाल्या, आणि मान खाली घालून विणत राहिल्या.

होळीच्या आदल्या दिवशी मोठी ओढ होती. बायका जे घेऊन आल्या ते पट्टी नव्हतं, नवाकोरा झोळा होता. जुना सामाईक, म्हणून कोणी सांधत नव्हतं. अर्धी मासळी त्यातूनच निसटायची. देवकाबाई म्हणाल्या, हा बांधा, पण पाच पट्ट्यांएवढा आहे, तर याचे पाच वाटे निघतील. ते बायकांकडे राहतील आणि जो दुखण्याने पडेल त्याच्या घरी जातील.

मुखरू हा मोठा पंच. तो उठला. “हे सक्ती झाली, बाई. सायबानं मना केलं हाये.”

“कोनावर सक्ती, मुखरूभाऊ? तुमचा वाटा मांगून राह्यली का मी? हे जाळ्याची कमाई. नाई पायजे तं आपला फाटका झोळा बांधा.”

सगळे फाटक्या झोळ्याकडे पाहू लागले. वारलूच आधी पुढे झाला आणि नवा झोळा बांधू लागला. त्याला मासळी हवी होती, बाकी काही नाही. एका टोकाला मी होतो. काठ जवळ आला तसं जाळं हलेना, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून ढकलू लागली. कतला, रोहू, हाताएवढ्या मरळी. तशी ओढ मी आधी पाहिली नव्हती. पाच ढीग वेगळे निघाले. ते वाटले सुकरीने. पहिली टोपली तिने शालिकरामच्या घरी धाडली.

साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नियम माणसांसाठी आहे, जाळ्याबद्दल त्यात काही नाही, असं म्हणून ते मोकळेपणी हसले.

होळीनंतर चामोर्शीचा माणूस डोंगा न्यायला आला. देवकाबाईंनी त्याला पाणी दिलं, वर एक मरळ हातात ठेवली. “डोंगा नाई विकाचा, भाऊ. हे घेऊन जा.”

चैत संपताना शालिकराम काठी टेकत तलावावर आला. देवकाबाईंनी त्याला डोंग्यात बसवलं आणि बांबू स्वतः रेटला. बाईमाणसाने डोंगा हाकलेला गावाने पाहिला नव्हता. काठावर सगळ्या बायका हसत होत्या, टाळ्या पिटत होत्या, आणि डोंगा सरळ मधल्या खोल पाण्याकडे निघाला.