सकाळी उंचवटा, संध्याकाळी सपाट

बेसबॉल म्हटलं की आमच्याकडे लोक आधी विचारतात, "म्हणजे क्रिकेटच ना?" नाही हो, क्रिकेट नाही. हे समजावून सांगायचाही मला आता कंटाळा आलाय. एवढंच सांगतो, बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मातीच्या उंचवट्यावरून टाकतो आणि सॉफ्टबॉलचा सपाट जमिनीवरून. या एवढ्याशा फरकाने माझं वाटोळं केलं.

जळगावात आमच्या कॉलेजचं ग्राउंड एक आणि टीम दोन. सकाळी आम्ही पोरं बेसबॉल खेळायचो, संध्याकाळी मुली सॉफ्टबॉल. आमचा उंचवटा त्यांच्या खेळाच्या ऐन मधे यायचा. म्हणून आम्ही रोज सकाळी मुरूम ओला करायचा, घमेल्याने टाकायचा, धुम्मसाने ठोकायचा. आणि संध्याकाळी मुलींनी फावड्याने तोच ओढून जमीन सारखी करायची. अर्धी प्रॅक्टिस मातकामातच जायची. त्यात रोजची ताजी माती, पाय टाकला की घसरायचा. पिचर मी, त्यामुळे सगळ्यात जास्त तणतणही माझीच. असोद्याहून भल्या पहाटे थंडीत मोटारसायकल हाणत यायचं ते काय गवंड्याच्या हाताखाली काम करायला?

माझं ते शेवटचं वर्ष होतं. पुढे वयात बसणार नव्हतो. विद्यापीठाच्या टीमची निवड धुळ्याला व्हायची होती आणि मला आयुष्यात एकदा तरी तो टी-शर्ट अंगात घालायचा होता. बाकी कशातच मी काही दिवे लावले नव्हते.

मुलींची कॅप्टन शिरपूरकडची, होस्टेलवर राहायची. वयाने माझ्याएवढीच, पण सगळ्या मुली अक्का म्हणायच्या म्हणून मीही म्हणायचो. त्यांची पिचरही तीच. एका सकाळी माझा पाय घसरला, मी घमेलं लाथाडलं आणि नको नको ते बोललो. अक्का बॅटी ठेवायला आली होती. तिने सगळं ऐकलं.

"रोज रोज हाई माती कोन फोडी?" ती म्हणाली. "तुनं शेवटलं वरीस शे ना? मंग ऱ्हाऊ दे उंचवटा तठेच."

"आणि तुम्ही?"

"आम्ही तिकडे लिंबाखाली टाकू. तू नको डोकं खाऊ."

मी एकदा तरी नको म्हणायला हवं होतं की नाही? मी म्हटलं, "वा अक्का, मानलं!" मुलींची निवड आमच्यानंतर तीनच दिवसांनी होती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

उंचवटा राहिला. रोज पाणी, रोज धुम्मस. असा टणक झाला की काय सांगू! माझा पाय रोवला जायला लागला, बॉल हवा तिथे पडायला लागला. तिकडे लिंबाखाली उताराच्या, खडे वर आलेल्या जमिनीवर मुली टाकायच्या. मी आपला माझ्यातच खूश.

धुळ्याला बसमधून उतरून ग्राउंडवर गेलो आणि आधी उंचवटा शोधायला लागलो. उंचवटा नव्हताच. चुन्याची एक रेघ मारलेली. मी एका सरांना विचारलं, "सर, पिचरचं टेकाड?" ते हसून म्हणाले, "अरे, इथे क्रिकेटवाले पण खेळतात. कोण करू देतंय टेकाड?" बाकीची पोरं सपाट जमिनीवरच टाकत आलेली. माझा पाय मात्र उताराला सरावलेला, तो आधीच टेकायचा आणि हात मागे राहायचा. पहिला बॉल कॅचरच्या डोक्यावरून गेला. दुसराही. नंतरचे सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का आमच्या ग्राउंडवर भेटली. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"कसं होतं ग्राउंड?"

"सपाट."

"म्हणजे आमच्यासारखं?"

"हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मुलींनी सारखी केलेली जमीनच मला हवी होती. ती मला रोज फुकटात मिळत होती आणि मीच ती बंद पाडली. मी कुदळ घेऊन उंचवटा फोडायला लागलो. तो फुटेना. मुली बाजूला उभ्या राहून बघत होत्या. कसाबसा मोकळा झाला तेव्हा अंधार पडायला आला होता आणि त्यांच्याकडे एकच दिवस उरला होता.

अक्काचीही निवड झाली नाही. लिंबाखालच्या उतारावर टाकून टाकून तिचा अंदाज बिघडला होता, हे तिच्या टीममधल्या मुलींनीच मला सांगितलं, तिने नाही. मी होस्टेलच्या गेटवर गेलो. शिव्या खायची पुरती तयारी करून गेलो होतो. माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हातानेच गप्प केलं.

"तुझं झालं असतं ना," ती म्हणाली, "तर मला माझं काहीच वाटलं नसतं."