सदाच्या गाडीचा धूर

जामखेडहून जीप आली तेव्हा गिरणी चालू होती आणि जात्यात कुणाच्या तरी मिलोचा, म्हणजे रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीचा, अर्धा डबा शिल्लक होता. जीपचा ड्रायव्हर ओळखीचा, कंत्राटदार नानासाहेबांच्या कामावरचा. दारातच उभा राहून तो म्हणाला, "आक्का, गिरनी बंद करा." मी म्हटलं, "डबा संपू दे." जात्यात दाणा असताना पट्टा काढला की पुन्हा सुरू करताना दगड धरतो. तो म्हणाला, "न्हाई आक्का, आत्ताच करा." तेवढ्यावरून मी समजले. तरीही डबा संपवला, पीठ त्या बाईच्या पाटीत भरून दिलं, पट्टा उतरवला आणि मग विचारलं, "सदा का?" त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून गावात मला दगडाच्या काळजाची म्हणतात. म्हणू देत. ती बाई सकाळपासून रांगेत उभी होती आणि घरी तिची पोरं उपाशी होती.

सदाशिव माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आता दोन महिने होत आले. माणूस गेला की त्याच्याविषयी गोड लिहायचं अशी रीत आहे, आणि त्याच्या शोकसभेत सगळे गोडच बोलले. मला तसं जमणार नाही. सदा कामाचा माणूस होता, हाताचा हुशार होता आणि मोठ्या माणसाला नाही म्हणण्याच्या बाबतीत पक्का नालायक होता. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिसरीनं पहिल्या दोन खाल्ल्या.

माझे यजमान गेले त्या वर्षी तो नगरचं गॅरेज सोडून खर्ड्याला माझ्याकडे आला. "गिरणीच्या इंजिनाकडं बघायला कुनीतरी पायजे," असं म्हणत आला. इंजिन मीच बघत होते, पुढेही मीच बघत राहिले. त्याला दुसरंच काही हवं होतं. भूमकडच्या एका जुन्या जहागीरदाराच्या गोठ्यात एक अमेरिकन गाडी वर्षानुवर्षं पडून होती. आठ सिलिंडरची, लांबलचक, माझ्या गिरणीच्या खोलीत न मावणारी. जहागिरी गेल्यावर तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. सदानं ती मिळवली आणि दोन बैलजोड्या लावून खर्ड्याला ओढत आणली. किल्ल्याखालून ती वरात आली तेव्हा सगळं गाव बघायला जमलं. म्हातारा बाबू लोहार म्हणाला, "सदाभाऊ, नवरीला लई वय झालंय की!" सदा म्हणाला, "बोलू द्या तिला, मग सांगा."

बोलायला तिला नरडं नव्हतं. इंजिन त्यानं चार-सहा महिन्यांत धडाला लावलं, पण खालचा धुराचा नळ आणि सायलेन्सर गंजून पीठ झाले होते. हात लावला की बोटांवर लाल भुकटी यायची. त्या गाडीचा सुटा भाग इथं मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा सदानं ठरवलं, आपणच करायचा. तोही होता तसा नाही. मूळ गाडीत दोन्ही बाजूंचे चार-चार सिलिंडर पुढे एका नळात मिळत होते. याला दोन वेगळे नळ हवे होते, डाव्याचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे. "एका नळात आठ जनांनी कशाला गर्दी करायची, आक्का? श्वास मोकळा पायजे." मी म्हटलं, "कर बाबा, पण माझी गिरणी बंद पाडू नकोस."

ते काम माझ्या अंगणात झालं. दोन बाजूंना दगडांचे चौथरे रचून गाडी त्यांवर चढवली होती आणि सदा दिवसभर तिच्या पोटाखाली. बाहेर फक्त पाय दिसायचे. साखर कारखान्याच्या भंगारातल्या बॉयलरच्या नळ्या त्यानं मिळवल्या. नळी नुसती तापवून वाकवली तर ती वाकते तिथं चपटी होते, म्हणून तिच्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकायचं आणि मग भट्टीत लाल करून वाकवायची. वाळू मात्र खडखडीत कोरडी हवी. एकदा बाबूनं ओढ्याकाठची आणली, वरून कोरडी, आतून ओली. भट्टीत वाफ झाली आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटून माझ्या गिरणीचा पत्रा फोडून गेलं. दोघं जमिनीवर पालथे. मी बाहेर आले तर सदा पालथ्यानंच म्हणाला, "आक्का, वारं यायला भोक पाडलं तुला." त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही. त्यानं स्वतःच घेतलं आणि माझंही ताट वाढून गिरणीत आणून दिलं.

सायलेन्सरही त्यानंच केले. आतल्या नळीला भोकं पाडली, तिच्याभोवती लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस गुंडाळला आणि वर पत्र्याचं कवच चढवून गॅस वेल्डिंग मारलं. नळ गाडीला टांगायला जुन्या टायरच्या पट्ट्या वापरल्या, म्हणजे हादरा कमी बसतो. काम नामी होतं, एवढं मी गिरणीवाली म्हणून सांगू शकते. पण सायलेन्सरपुढचे नळ त्यानं मागच्या बंपरपर्यंत नेलेच नाहीत. पुढच्या दारांखालीच तोडून दोन्हीकडे बाहेर वळवले. आणि ते बसावेत म्हणून खालचा गंजका पत्रा कापला, मग त्या फटीवर टायरचा तुकडा रिबिट मारून बसवला.

मी विचारलं, "मागं का नाही नेलं?" तो म्हणाला, "मग मला आवाज कसा यायचा?" ही अक्कल त्याला माझ्याच धंद्यानं दिली होती. आमच्याकडे गिरणीच्या धुराड्याच्या तोंडावर मुद्दाम टोपण बसवतात, म्हणजे पुक्-पुक् आवाज लांबवरच्या वस्तीपर्यंत जातो आणि बायका दळणं घेऊन निघतात. आवाज म्हणजे गिरणी चालू. आवाज बदलला की मी हातातलं टाकून इंजिनाकडे धावते. सदा तेच धरून बसला. आवाज आहे तर सगळं ठीक आहे, आणि जितका मोठा तितकं ठीक. मी त्याला सांगितलं, "माझा आवाज छपराच्या वर आहे सदा, अन् धूरही वर आहे. तू दोन्ही मांडीखाली घेऊन बसलायस." तो हसला. गाडी सुरू केली आणि किल्ल्यावरचे पारवे उठले. बाबू लोहारानं कानावर हात ठेवले आणि म्हणाला, "बोलली बया!"

गाडी लग्नाच्या वरातींसाठी केली होती. मग दुष्काळ पडला, पाठोपाठ दुसरं वर्षही कोरडं गेलं. लग्नं थांबली. त्याच वेळी नानासाहेबांची कामं जोरात आली. ते रस्त्यांचे आणि पाझर तलावांचे कंत्राटदार, जामखेडपासून पार जिल्ह्याच्या सरहद्दीपर्यंत त्यांची कामं. त्यांनी गाडी आणि सदा दोन्ही लावून घेतले. स्वतःची जीप असताना हे धूड कशाला, ते मला नंतर कळलं. माळावरून गाडीचा गडगडाट मैलभर आधी ऐकू यायचा. आवाज आला की मुकादम ओरडायचा, "उठा, मालक आले!" आणि खडीवर टेकलेली बाया-माणसं धडपडत उठून पाट्या उचलायची. नानासाहेबांना ते फार आवडायचं. मागच्या सीटवर, काच खाली करून, वाऱ्यावर बसायचे. माझ्याकडे दळणाला येणाऱ्या बायाच मला सांगत. एक म्हणाली, "तुमच्या भावाच्या गाडीनं आमचं बूड टेकू दिलं न्हाई बगा." मी सदाला ते जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मी नुस्ता चालवतो, आक्का."

पावसाळ्यानंतर त्याचं डोकं दुखायला लागलं. आधी संध्याकाळी, मग रोज. घरी आला की उलटी करायचा, चहा प्यायचा आणि गोळी घेऊन पडायचा. एक दिवस घरी राहिला की बरा, दुसऱ्या दिवशी गाडीवर गेला की पुन्हा तेच. मला त्यात कोडं वाटलं नाही. मी गाडीत बसून पाहिलं, तर टायरचा तो तुकडा उष्णतेनं आक्रसून फट उघडी पडली होती आणि पायाशी धूर येत होता. मी सरळ सांगितलं, "तो धूर तुला मारील. नळ मागं ने, खालचा पत्रा नीट वेल्डिंग करून घे, तोवर गाडी काढू नकोस." त्याला पटलं. पटलं म्हणजे काय, त्यानं दोन रविवारांत बाबूकडून मागचे दोन्ही तुकडे वाकवून आणले, मागच्या चाकाच्या दांड्यावरून जाणारे, सुरेख वळणाचे. फक्त गाडी चार दिवस चौथऱ्यावर चढवायची राहिली होती.

ते चार दिवस नानासाहेबांनी दिले नाहीत. एकदा ते माझ्या दारात थांबले होते, तेव्हा मीच पुढे झाले. "नानासाहेब, गाडी चार दिवस उभी ठेवा. आत धूर येतोय, ह्याची तब्येत बिघडलीय."

"अहो आक्का, गाडी म्हणलं की धूर आलाच. तुमच्या गिरणीत काय कमी हाय?"

"माझा छपराच्या वर जातो."

"मग सदाला बी छपरावर बसवू की!"

बरोबरची माणसं हसली आणि सदाही हसला. नानासाहेब जाता जाता म्हणाले, "अन् नळ मागं नेला की आवाज बसंल, सदा. बाईच्या नादानं गाडीचा वाघ जाईल आपला." रात्री मी विचारलं, "तू का हसलास?" तो म्हणाला, "सगळेच हसले गं." मग म्हणाला, "संक्रांतीनंतर देतो म्हनलेत. गाडी लावली म्हणून मान हाय, आक्का. न्हाईतर मी बी खडीवरच." दुष्काळात हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग येतो.

संक्रांत यायची होती. त्या पहाटे नानासाहेबांना घेऊन सदा जामखेडच्या बंगल्यावर गेला, त्यांना इंजिनिअरला भेटायचं होतं. कडाक्याची थंडी होती. गाडीची बॅटरी गेलेली, एकदा बंद पडली की ढकलायला चार माणसं लागत. नानासाहेब आत जाताना म्हणाले, "बंद करू नको रे, आलोच." हे मला त्या जीपच्या ड्रायव्हरनंच सांगितलं, तो तिथंच शेकोटीवर होता. सदानं त्यांचं ऐकलं. अंगात कणकण होती, म्हणून काचा वर करून घेतल्या. आत चहा झाला, पोहे झाले, नकाशे झाले. बाहेर गाडी इतकी दणदणत होती की सगळ्यांनाच वाटलं, सगळं ठीक आहे. नानासाहेब बाहेर आले, मागचं दार उघडून बसायला गेले, खोकत मागे सरले आणि ओरडले, "झोपलास का काय?"

सगळ्यांना सांगितलं गेलं, हृदयविकार. शोकसभेत नानासाहेबांनी डोळे पुसले. "सदा माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही," म्हणाले. ते खरं होतं. मी पुढच्या रांगेत बसले होते. मला चार शब्द बोलायचा आग्रह झाला, मी उभी राहून म्हटलं, "माझ्या भावाचं हृदय चांगलं होतं. धूर वाईट होता, आणि तो बाहेर काढायला चार दिवस मागितले होते." सभा लगेच आटोपली. चहासुद्धा झाला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा मुनीम आला. बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, "आक्का, मालक म्हनत्यात गाडी पडून काय करायची? दुसरा ड्रायव्हर हाय. दुरुस्त बी आमी करून घिऊ."

"देते की," मी म्हटलं. "आहे तशी देते. पहिल्या दिवशी नानासाहेबांनी पुढं बसायचं, काचा वर करून, आणि इंजिन बंद करायचं नाही. चहा मी पाजते."

त्यानं चपला पायात सरकवल्या आणि गेला.

गाडी गिरणीच्या भिंतीला उभी आहे. सदा गेल्यावर जामखेडहून ओढून आणली त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते चारही काचा खाली करण्याचं. येणारे-जाणारे सांगतात, आक्का काचा वर करा, सीट खराब होतील. होऊ देत. गिरणीतून दिवसभर पीठ उडतं, ते खिडक्यांतून आत जातं आणि ड्रायव्हरच्या सीटवर सदा बसून बसून जो खळगा झाला आहे, त्यात साठतं. मिलोचं पीठ, लालसर. ते झटकायला मी रोज गिरणी बंद केल्यावर केरसुणी घेऊन जाते. न झटकून कसं चालेल, उंदीर लागतात.